चौदाव्या दिवसानंतर

बाबा गेल्यानंतरचे तेरा दिवस आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या घरून डबे येत होते, आईजवळ सतत कोणी ना कोणी बसलेले असे, आणि दहाव्याला कावळा शिवायला उशीर झाला तेव्हा बाबांचा जीव कशात अडकला असेल यावर नदीकाठी गंभीर चर्चाही झाली. चौदाव्या दिवशी सगळे आपापल्या गावी परतले. तिसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आले की बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी आई अजूनही दर रविवारी भरून ठेवते.

तिला मी सरकारी रुग्णालयात नेले. केसपेपर काढला, रांगेत बसलो, आणि दारावरची 'मनोविकार विभाग' ही पाटी वाचून ती उठली. "मला वेड लागलेलं नाही, माझा माणूस गेलाय," एवढेच ती म्हणाली. मला तेव्हा तिचा राग आला होता. आज वाटते, तिचेच बरोबर होते. शोक हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाला विकार म्हटले आहे खरे, पण त्यासाठीही किमान सहा महिन्यांची अट आहे, आणि प्रत्येक समाजाच्या रीतीभाती लक्षात घ्याव्यात असेही त्यात बजावले आहे. आपल्याकडे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे आणि २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा हक्कही ठरवला आहे; मात्र आजारी नसलेल्या पण कोलमडलेल्या माणसालाही त्याच पाटीखालून आत जावे लागते.

शेवटी उपयोग झाला तो फोनचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या केंद्र सरकारच्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, तो दिवसरात्र चालतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते. समुपदेशकाला गरज वाटली तर तो पुढे तज्ज्ञांशी जोडून देतो. आधी मीच बोललो. पलीकडच्या ताईंनी उपदेश केला नाही, बाबा कसे होते एवढेच विचारले. दोन दिवसांनी आईने स्वतः फोन मागितला आणि दार लावून घेतले. डबी भरणे लगेच थांबले नाही, पण थांबले.

माझी तक्रार वेगळीच आहे. ज्याला ताटावर बसायचे भान नाही, त्याने स्वतः क्रमांक शोधून फोन करावा, अशी ही सगळी रचना आहे. वास्तविक मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते आणि पुढे बँक, निवृत्तिवेतन, सातबारा यांसाठी दाखल्याच्या प्रती लागतात. म्हणजे जवळपास प्रत्येक शोकाकुल घरातले कोणीतरी एका ठरावीक खिडकीशी येऊन उभे राहतेच. दाखल्यासोबत या क्रमांकाची चिठ्ठी देण्यास फारसा खर्च येणार नाही. आम्हाला त्या खिडकीवर आधारकार्ड आणि झेरॉक्स यांपलीकडे कोणी काही विचारले नव्हते, आणि त्यात कारकुनाचा दोष नाही, कारण ते त्याचे काम म्हणून कोणी सांगितलेलेच नाही.

तसा अर्ज मी मागच्या महिन्यात दिला. त्यावर आवक क्रमांक पडला आहे. खिडकीशेजारच्या फलकावर अजून पाणीपट्टीचीच सूचना आहे.