आमची वाटचाल : हुडाच्या शिलाईपासून टपाखालच्या रबरापर्यंत

आमचं मूळ काम जीपचं हूड शिवण्याचं. साताऱ्यात तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे वडापवाले (जीपमधून माणसं भरून नेणारे) आणि मळ्यावर जाणारे बागायतदार. कॅनव्हास नाहीतर रेक्झिन, दुहेरी शिलाई, पितळी आयलेट, मागे पारदर्शक प्लॅस्टिक. हूड फाटलं की ठिगळ, ठिगळ धरेना झालं की नवं हूड. रंगाचा विषयच निघत नसे. वडापच्या जीपचा रंग हूड घासायच्या आधीच माणसांच्या बुटांनी आणि दुधाच्या कॅनांनी संपवलेला असायचा.

१९८५ साली जिप्सी आली, २०१० साली थार. या गाड्या हौसेनं घेतल्या जात, आणि कापडी हुडावर पावसाळा काढायला मालक नाखूश असत. म्हणून फायबरचे टप सुरू झाले. काचेच्या तंतूंच्या मॅटचे (चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या) तीन थर दिले की साधारण तीन मिलिमीटर जाडी मिळते. बोल्टाच्या जागी सहा थर. पावसाळ्याआधी चढवायचा, हवा उघडली की उतरवायचा. २०२० च्या थारला कंपनीचाच हार्ड टॉप मिळू लागला तेव्हा नवे टप घडवण्याचं काम कमी झालं आणि दुसरं वाढलं : चढवलेल्या टपाखालचा रंग आणि पत्रा वाचवणं. आता दुकान मुख्यतः त्यावर चालतं, म्हणून इथे तेच लिहितो.

फायबर पत्र्याला घासतं आणि रंग जातो, असा समज आहे. ते अर्धंच खरं. टप आणि बॉडीची कड यांच्यामध्ये रबर असतं, आणि स्वच्छ रबर रंगाला फारसं काही करत नाही. रंग खाते ती रबराखाली शिरलेली धूळ. जोडीला टपाची बारीक हालचाल असली की घरबसल्या वॉटर पेपर मारल्यासारखं होतं. कारखान्यातून आलेला रंगाचा पूर्ण थर शंभर ते दीडशे मायक्रॉनचा (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर), त्यात वरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, चाळीस-पन्नास. तो जायला किती वेळ लागणार?

हालचाल दोन प्रकारची. एक रस्त्याची, ती सगळ्यांना कळते. दुसरी उन्हाची. फायबर पोलादाच्या दुपटीनं किंवा त्याहून थोडं जास्त प्रसरण पावतं. दोन मीटर लांबीचा टप धरला आणि पहाटेच्या गारठ्यापासून भर दुपारपर्यंत चाळीस अंशांचा फरक धरला, तर टप पत्र्यापेक्षा एक ते दीड मिलिमीटर जास्त सरकतो. रोज एकदा पुढे, एकदा मागे. गाडी शेडमध्ये न ठेवता अंगणात नुसती उभी असली तरीही. ‘गाडी फिरवलीच नाही, मग रंग कसा गेला’ या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

आपल्या जिल्ह्यात दोन्ही टोकं आहेत. महाबळेश्वराकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तांबडी माती; माण-खटावकडे पाचशेच्या आसपास पाऊस आणि बारा महिने फुफाटा. पूर्वेकडच्या गाडीचा रंग घासून पांढरा पडतो, पश्चिमेकडच्या गाडीचा पत्रा रबराखाली अडकलेल्या पाण्यानं गंजतो. कास-बामणोलीला जाऊन येऊन म्हसवडला राहणारी गाडी दोन्ही भोगते. गाळपाच्या हंगामात साखर कारखान्याच्या आसपास उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर काजळीही बसते. ती मऊ वाटते, पण तिच्यातली राख खरखरीत असते. कोरड्या फडक्यानं पुसायची नाही, आधी पाणी मारायचं.

आमच्या कामात सगळ्यात मोठा बदल झाला तो ‘घट्ट’ या शब्दाबाबत. टप वाजतो म्हणून गाडी आली की बोल्ट आवळायचे, ही जुनी रीत. त्यानं आठवडाभर आवाज जातो. मग रबर निम्म्याहून जास्त दबतं, दबलेलंच राहतं, पुन्हा फुगत नाही. त्यानंतर फायबर जवळजवळ थेट पत्र्यावर येतं आणि बोल्टाभोवती जेलकोटला (फायबरच्या वरच्या गुळगुळीत थराला) कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा जातात. मुळात आवाज बऱ्याचदा टपाचा नसतोच. बाजूच्या सरकत्या काचेचा किंवा मागच्या दाराच्या कुलपाचा असतो. काच हातानं दाबून धरून खराब रस्त्यावर एक फेरी मारली की लगेच कळतं.

आता प्रत्येक बोल्टावर स्टीलची बुश, म्हणजे नळीचा छोटा तुकडा, घालतो. बारा मिलिमीटर उंचीचं डी आकाराचं पोकळ रबर आठ मिलिमीटरपर्यंत दबलं की पाणी अडतं आणि रबर जिवंत राहतं. बोल्टाच्या जागी फायबर सहा मिलिमीटर. सहा आणि आठ चौदा, त्यातून बुशखालच्या नायलॉन वायसरचे दीड वजा, म्हणजे बुश साडेबारा मिलिमीटर लांब. मग बोल्ट कितीही आवळा, वरचा वायसर बुशवर टेकतो आणि रबर त्याहून दबत नाही. टपातलं भोक बुशच्या बाहेरच्या व्यासापेक्षा दोन मिलिमीटर मोठं ठेवतो, म्हणजे उन्हातल्या सरकण्याला जागा मिळते. ही मापं आमच्या रबराची. तुमचं रबर वेगळं असेल तर त्याच्या उंचीतून साधारण तिसरा हिस्सा वजा करून हिशेब करा.

पत्र्याला पाडलेलं भोक हा वेगळाच धोका. ड्रिल मारून तसंच बोल्ट घातला तर एका पावसाळ्यात भोवती तांबडी कड दिसते. भोकाची धार कानशीनं मोडायची, आत-बाहेर झिंक प्रायमर, वर रंगाचे दोन हात, पूर्ण वाळल्यावरच बोल्ट. भोकाजवळ सिलिकॉन लावायचं तर न्यूट्रल जातीचं. वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन उघड्या लोखंडाला गंजवतं. ट्यूब उघडून आधी वास घेतला तरी पुरे.

रबर ईपीडीएमचं (ऊन-पाण्यात टिकणारं कृत्रिम रबर) घ्यावं. बाजारातलं स्वस्त पीव्हीसी बीडिंग उन्हात कडक होतं आणि त्यातलं तेल रंगात उतरून पिवळा पट्टा पडतो, तो पॉलिशनं निघत नाही. रबराचा जोड मागे, दाराच्या वर घ्यायचा. पुढच्या काचेच्या वर कधीही नाही, कारण चालत्या गाडीत वाऱ्याचा दाब तिथेच असतो. ईपीडीएमला डिझेल, ग्रीस, इंजिन ऑइल लागू द्यायचं नाही, ते फुगतं. थोडी टाल्कम पावडर चोळली की झालं.

पावडर आणखी एका कामाला येते. रबरावर ती लावून टप अलगद ठेवायचा, उचलायचा आणि कडेवरचा पांढरा ठसा बघायचा. ठसा तुटला तिथे पाणी शिरणार, फार रुंद उमटला तिथे रंग जाणार.

रबराखाली आम्ही पारदर्शक टीपीयू फिल्म (लवचीक प्लॅस्टिकची चिकट पट्टी) लावतो, दोनशे मायक्रॉनच्या आसपासची. पट्टी रबराच्या दोन्ही बाजूंना वीस मिलिमीटर बाहेर आली पाहिजे. फिल्मची कड रबराखालीच संपवली तर ती उचकटते आणि माती तिथेच साठते. त्यापेक्षा फिल्म नसलेली बरी. कोपरे गोल कापायचे. बॉडीची कड आधी शाम्पूनं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची. लिटरभर पाण्यात बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब टाकून त्या पाण्यावर फिल्म सरकवत बसवायची, मग स्क्विजीनं (रबरी पट्टीनं) पाणी काढायचं. टप दोन दिवसांनी चढवायचा. गाडीला नवा रंग मारला असेल तर महिनाभर थांबा, नाहीतर फिल्म काढताना रंग तिच्यासोबत येतो.

खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त ओरखडे वर्षभरात पडत नाहीत, चढवण्या-उतरवण्याच्या दहा मिनिटांत पडतात. दोघांनी टप उचलला की तो पिळतो आणि पुढच्या काचेच्या चौकटीला कोपरा लागतो. चार माणसं हवीत, एकानं हुकूम द्यायचा, बाकीच्यांनी बोलायचं नाही. अंगठ्या, घड्याळं, पट्ट्याचे बक्कल काढून ठेवायचे. बॉनेटवर आणि मागच्या बाजूंवर गोधडी टाकायची. घरातली जुनी चालते, फक्त ती मातीत पसरलेली नसावी. टप सरळ वर उचलायचा, कडेवरून ओढायचा नाही.

उतरवलेला टप भिंतीला टेकवून ठेवला की उन्हाळाभरात त्याचे पाय पसरतात आणि जूनमध्ये भोकं जुळत नाहीत. मग जोर लावून बसवलेला टप कायम ताणात राहतो आणि एकाच बाजूचा रंग खातो. लाकडी घोडीवर, जुनी गादी किंवा फेल्ट लावून, सावलीत ठेवा आणि दोन्ही बाजूंना आडवा पट्टा बांधा.

कापडी हुडाचं उलटं. टप चढवताना काढलेलं हूड ओलं असताना गुंडाळलं की पंधरा दिवसांत बुरशी. सौम्य साबणानं धुऊन सावलीत पूर्ण दिवस वाळवायचं, घडी न घालता चार इंची पीव्हीसी पाइपवर गुंडाळायचं, प्लॅस्टिकच्या काचेवर सुती कापड ठेवून. घडीची रेघ त्या प्लॅस्टिकवरून पुन्हा जात नाही.

रंग आधीच गेला असेल तर ओल्या बोटानं तपासा. ओलं केल्यावर रेघ दिसेनाशी झाली तर नुकसान क्लिअर कोटमध्येच आहे, पॉलिश पुरे. पण तेही एक-दोनदाच, दरवेळी काही मायक्रॉन कमी होतात. राखाडी दिसलं तर तो प्रायमर, टचअप करून मगच फिल्म. तांबूस दिसलं तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं चकचकीत पत्र्यापर्यंत घासून इपॉक्सी प्रायमर. गंजावर फिल्म लावून मागणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. आत गंज वाढत राहतो आणि वरून दिसत नाही.

कापडी हुडाच्या गाडीला बाहेरचा फायबर टप कायमचा बसवायचा असेल तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांबाबत कडक आहे आणि नोंदणी पुस्तकातल्या वर्णनाशी गाडी जुळावी लागते.

मेचा शेवटचा पंधरवडा आमच्याकडे गर्दीचा, त्यामुळे फिल्मचं काम शक्यतो एप्रिलात करून घ्या. गाडी धुऊन आणा, आदल्या दिवशी मेण-पॉलिश लावू नका, आणि जुने बोल्ट, वायसर, रबराचे तुकडे फेकून न देता पिशवीत घालून सोबत आणा. कुठे किती दबलंय ते त्या तुकड्यांवरूनच कळतं.