नैरोबीत बजेटच्या सुनावणीपर्यंत

माझा जन्म नैरोबीचा, घरात बोली मराठी. २०१७ मध्ये केनियाने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशातली ४४वी जमात म्हणून मान्यता दिली, तेव्हा बाबांनी पेढे वाटले होते. पण पार्कलँड्समधली आमची मंडळी कौंटीच्या, म्हणजे इथल्या स्थानिक सरकारच्या, सभांना सहसा फिरकत नाहीत. माथारे या झोपडवस्तीतल्या मैत्रिणीने नागरी शिक्षणाच्या वर्गाला चल म्हटलं, आणि मी गेले.

प्लास्टिकच्या खुर्च्या, हजेरीवहीत नाव, आयडी नंबर, फोन, सही. शेवटी सोडा, मंदाझी (तळलेला गोडसर पाव) आणि मटाटूचं, म्हणजे इथल्या मिनीबसचं, भाडं. "पोरं भाड्यासाठीच येतात," असं नाक मुरडणारे बरेच. दिवसाची मजुरी बुडवून आलेल्याने भाडं घेतलं तर बिघडलं कुठे?

सुरुवातीला २०१० च्या संविधानातल्या कलमांची घोकंपट्टी झाली. मागच्या रांगेतले निम्मे मोबाइलमध्ये. मग प्रशिक्षकाने बजेटचा गठ्ठा टेबलावर ठेवला नि म्हणाला, "आपला वॉर्ड शोधा." नैरोबीत ८५ वॉर्ड, तक्ते सगळे इंग्रजीत, आणि पोरांची रोजची बोली शेंग, म्हणजे स्वाहिली-इंग्रजीची खिचडी. बोट फिरवत फिरवत गटाराच्या कामाची ओळ सापडली. रक्कम होती, गल्लीचं नाव नव्हतं. तिथून वर्गात जी वादावादी पेटली, ती आवरता आवरेना.

मग कौंटीला द्यायचं निवेदन एका पानाचं केलं: पान क्रमांक, कामाची ओळ, हवी ती दुरुस्ती, कारण. दोन प्रती न्यायच्या आणि आपल्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्यायचाच. शिक्का साहेबांच्या कपाटात, आणि साहेब जेवायला! बसून राहिलो.

सुनावणीत बोलायला जेमतेम काही मिनिटं. मैत्रीण स्वाहिलीत बोलली, मी आकडे वाचले. पण खरी गोम तारखांत आहे. अंदाजपत्रक ३० एप्रिलपर्यंत कौंटी असेंब्लीपुढे येतं आणि आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. सुनावणी लागते तोवर मोठे आकडे ठरलेले असतात, फार तर तपशील हलतो. नवं काम घालायचं तर १ सप्टेंबरपर्यंत मांडल्या जाणाऱ्या वार्षिक विकास आराखड्यात शिरावं लागतं, नाहीतर निदान फेब्रुवारीअखेरच्या वित्तीय धोरणपत्राच्या (खर्चाच्या मर्यादा त्यात ठरतात) वेळी तरी गाठावं लागतं. वर्गात पहिल्याच तासाला हे वेळापत्रक फळ्यावर लिहावं, कलमं मागाहून सांगितली तरी चालतील.

गटाराच्या ओळीत आमच्या गल्लीचं नाव आलं. रस्त्यावरच्या दिव्यांची मागणी मात्र राहिली. ती आता आराखड्यासाठी लिहितोय, या वेळी मसुदा आधी शेंगमध्ये.