एजिनाला जायचं ठरलं

गुरुवार, रात्र

शेवटी एजिना, हे ग्रीसमधलं बेट. सँटोरिनीचा विषय आज संपला. नवरा थोडा हिरमुसला आहे, पण शुक्रवारची संध्याकाळ ते रविवारची रात्र एवढाच वेळ हातात असताना अथेन्सच्या पिरेअस बंदरातून साध्या बोटीत सात-आठ तास घालवायचे, गर्दीत उभं राहून सूर्यास्त बघायचा आणि परत फिरायचं, हे मला पटत नाही. एजिना अथेन्ससमोरच्याच आखातात आहे. मोठी फेरीबोट साधारण सव्वा तासात पोचवते, वेगवान बोट चाळीसेक मिनिटांत. मी मोठी फेरीच घेणार आहे. तिच्या डेकवर मोकळ्या हवेत बसता येतं आणि आईला बोट लागते.

पण वेळ वाचतो म्हणून काही मी एजिना धरून बसले नव्हते. म्युनिकला राहायला आल्यापासून तिथलं ग्लिप्टोथेक हे शिल्पसंग्रहालय माझं हक्काचं ठिकाण आहे. तिथल्या काही दालनांत एजिनाच्या अफाया देवीच्या देवळातली शिल्पं मांडली आहेत. देवळाच्या पूर्व आणि पश्चिम टोकांना छपराखालच्या त्रिकोणांत बसवलेली, म्हणून मधोमध पूर्ण उंचीची अथेना, तिच्या दोन्ही बाजूंना लढणारे, मग गुडघ्यावर बसलेले धनुर्धारी आणि अगदी कोपऱ्यांत, जिथं जागाच उरत नाही तिथं, जखमी होऊन पडलेले वीर. पश्चिमेकडचा पडलेला वीर छातीत बाण घुसलेला असतानाही हसतोय. पूर्वेकडचा मात्र ढालीवर भार टाकून उठायला बघतोय आणि त्याला उठता येत नाही. दोघांच्या घडणीत फार थोड्या वर्षांचं अंतर, तेवढ्यात ग्रीक शिल्पकाराला मरणारा माणूस दिसायला लागला होता. मी त्या दुसऱ्यापाशी नेहमी जास्त वेळ थांबते.

आई इकडे आल्यावर तिलाही मी तिथं नेलं. ती बराच वेळ सगळं निरखत फिरली आणि मग म्हणाली, "अगं, हे सगळे इथं आहेत, मग यांचं देऊळ कुठंय?"

देऊळ अजून उभं आहे, त्याच टेकडीवर, पाइनच्या झाडीत. इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमाराचं, समोर सहा आणि बाजूला बारा खांबांचं. खांब चुनखडीचे आहेत, मूळ बांधकामात त्यांवर गिलावा होता. १८११ मध्ये काही तरुण इंग्रज आणि जर्मन वास्तुविशारदांना तिथं ही शिल्पं सापडली. ग्रीस तेव्हा ऑटोमन राजवटीखाली होता. पुढच्याच वर्षी झाकिन्थोस बेटावर लिलाव झाला आणि बव्हेरियाचा युवराज लुडविग याच्यासाठी ती विकत घेतली गेली. रोममध्ये थोरवाल्डसन या डॅनिश शिल्पकारानं त्यांची मोडलेली अंगं नव्यानं घडवून जोडली, ते जोड विसाव्या शतकात पुन्हा काढून टाकले. १८३० मध्ये ग्लिप्टोथेक उघडलं. आणि १८३२ मध्ये त्याच लुडविगचा मुलगा ओटो ग्रीसचा राजा म्हणून निवडला गेला!

हे सगळं आईला सांगताना मलाच अस्वस्थ व्हायला झालं. लिलावानंतर सोळाच वर्षांनी, १८२८ मध्ये, नव्या ग्रीसचा पहिला राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास याचं सरकार एजिनातूनच कारभार करू लागलं. १८२९ मध्ये नव्या ग्रीसचं पहिलं पुराणवस्तू संग्रहालय निघालं, तेही एजिनावरच. थोडक्यात, हा ठेवा जपायला ज्यांनी लगेच सुरुवात केली त्यांच्या हाती तो पडलाच नाही. लिलाव रीतसर झाला होता, हे मला मान्य आहे. पण विकायचं की नाही हे ठरवणारं ग्रीक सरकारच तेव्हा नव्हतं. मला वाटतं ही शिल्पं परत जायला हवीत. रोज म्युनिकमध्ये राहून, त्यांच्यावर इतकं प्रेम करूनही मला असंच वाटतं.

देवीची गोष्ट आईला फार आवडली. अफायाची पूजा जवळपास या एकाच ठिकाणी व्हायची. कथेत ती क्रीटच्या मिनोस राजापासून पळते, समुद्रात उडी घेते, कोळ्यांच्या जाळ्यात सापडते आणि एजिनाच्या रानात दिसेनाशी होते. शिल्पं सापडली त्या काळात तर हे देऊळ झ्यूसचं समजत होते. १९०१ च्या उत्खननात कोरीव लेख मिळाला तेव्हा तिचं नाव परत आलं. आई म्हणाली, "म्हणजे आपल्या ग्रामदेवतेसारखीच की." मला ते अगदी बरोबर वाटलं. अथेना सगळ्या ग्रीसची, ही फक्त त्या बेटाची.

बेत असा. शुक्रवारी संध्याकाळचं विमान, अथेन्सच्या विमानतळावरून थेट पिरेअसपर्यंत जाणारी मेट्रो, रात्री बंदराजवळ मुक्काम. शनिवारी सकाळी ई-८ फाटकावरून फेरी. त्या दिवशी फक्त बंदराचं गाव आणि कोलोना, म्हणजे अपोलोच्या देवळाचा उरलेला एकुलता एक खांब. रविवारी आयिया मरीनाची बस. ती वाटेत आयिओस नेक्तारिओसच्या मठाशी थांबते आणि पुढे अफायाच्या दाराशीच सोडते, त्यामुळे आईच्या गुडघ्यांची काळजी नाही. पालेओखोराच्या जुन्या चर्च बघायची मला फार इच्छा आहे, पण तो डोंगर चढायचा आहे, म्हणून गाळलं. अक्रोपोलिसही नाही. नवऱ्याला हे अजून पटलेलं नाही, पण दोन दिवसांत दोन्ही कोंबलं तर दोन्ही धावतपळत होईल.

सप्टेंबरअखेर असल्यामुळे पिस्ते नुकतेच उतरवलेले असतील. एजिनाच्या पिस्त्याला युरोपात भौगोलिक मानांकन आहे, बंदरावरच दुकानं असतात. दोन किलो तरी आणायचे, निम्मे आईबरोबर सांगलीला जातील. जेवणाचंही बघून ठेवलंय. पालक भरलेली पेस्ट्री, टोमॅटोतले मोठे पांढरे घेवडे, भात भरलेली द्राक्षाची पानं, फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट पिठलं म्हणा, शाकाहारी आईचं उत्तम भागेल. फक्त ग्रीक लोकांच्या उपवासाच्या पदार्थांत कोळंबी आणि शिंपले चालतात, तेव्हा "मासळी नको" हे वेगळं सांगायचं.

आईचा शेंगेन व्हिसा तिकडेही चालतो, पासपोर्ट मात्र सोबत हवाच. निघायच्या आधीच्या रविवारी तिला पुन्हा ग्लिप्टोथेकला न्यायचं आहे. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण हे तिला कागदावर नीट मांडून हवंय. देवळापुढं उभं राहिल्यावर एकेकाची जागा तिला स्वतः शोधायची आहे. उद्या सकाळी आधी विमानाची तिकिटं काढते.