मुंबईला निघालेल्या पत्राच्या मागावर: पोर्ट लुईसमधला एक दिवस

मॉरिशसला जाणारी आपली बहुतेक मंडळी समुद्र आणि गंगा तलाव पाहून परततात. आम्ही मात्र एक अख्खा दिवस राजधानी पोर्ट लुईससाठी राखून ठेवला होता, तो एका पाकिटापायी. १८५० च्या जानेवारीत हे पत्र इथून मुंबईला निघालं, तिथल्या बायबल सोसायटीच्या सचिवांच्या नावे. पाकिटावर एक-एक पेनीची दोन नारिंगी तिकिटं होती. १८९७ मध्ये ते भारतातल्या एका बाजारात सापडलं आणि आज जगातल्या सर्वांत मोलाच्या पाकिटांत गणलं जातं. ते काही मॉरिशसमध्ये नाही, पण त्या तिकिटांचं भावंड इथे पाहायला मिळतं.

क्यूरपीप, क्वात्र बोर्न या गावांच्या बाजूला उतरला असाल तर मेट्रोने या. पोर्ट लुईसमध्ये गाडी लावायला जागा शोधण्यात सकाळ जाते. शेवटच्या आप्रवासी घाट स्थानकावर उतरलं की टपाल संग्रहालय चालत काही मिनिटांवर आहे. काळ्या दगडाची ही भक्कम इमारत म्हणजे १८६८ पासूनचं मुख्य पोस्ट. सुरुवात इथूनच करा, कारण तिकिटांमागचा कारभार आधी कळला की पुढचं जास्त भिडतं.

टपाल इथे इंग्रजांनी आणलं नाही. १७७२ मध्ये, फ्रेंच अमलात, एका छापखानेवाल्याने ते सुरू केलं. बेट १८१० मध्ये इंग्रजांकडे गेलं. पण खरा बदल १८४६ च्या कायद्याने झाला: पैसे आधी भरायचे आणि पाकिटावर तिकीट लावायचं. शहरातल्या पत्राला एक पेनी, बेटावर इतरत्र अर्ध्या औंसापर्यंत दोन पेनी. तिकिटं लंडनहून मागवत बसण्यापेक्षा पोर्ट लुईसमधल्याच जोसेफ बर्नार्ड या कोरीवकाम करणाऱ्याला काम दिलं. त्याने एकाच तांब्याच्या पत्र्यावर दोन्ही तिकिटं कोरली आणि प्रत्येकी ५०० छापली. २१ सप्टेंबर १८४७ ला ती विक्रीला आली. इंग्रजांच्या वसाहतींमध्ये टपाल तिकीट काढण्याचा पहिला मान या चिमुकल्या बेटाचा. त्यातली काही तिकिटं गव्हर्नरच्या पत्नीच्या नृत्यसमारंभाच्या निमंत्रणांवर लागली.

गाइड हमखास सांगतात की बर्नार्डने ‘पोस्ट पेड’ (टपालखर्च भरला) याऐवजी चुकून ‘पोस्ट ऑफिस’ कोरलं. यावर विश्वास ठेवू नका. ही दंतकथा विसाव्या शतकात पसरली. त्या काळी इतर देशांच्या तिकिटांवरही ‘पोस्ट ऑफिस’ असे, आणि त्याने ते सांगितल्याप्रमाणेच कोरलं होतं. कुशल कारागिराला विसरभोळा ठरवणारी ही गोष्ट मला मनापासून खटकते. ‘पोस्ट पेड’ तिकिटं १८४८ मध्ये आली, तीही त्याचीच. ती छापायचे तांब्याचे पत्रे इतकी वर्षं वापरले की तिकिटावरचा राणी व्हिक्टोरियाचा चेहरा छपाईगणिक पुसट होत गेला. त्या झिजेवरूनच संग्राहक आज तिकिटाचा काळ ओळखतात.

दुपारी कोदाँ वॉटरफ्रंटवरच्या ब्लू पेनी म्युझियममध्ये गेलो. रविवारी ते बंद असतं. एक पेनीचं नारिंगी आणि दोन पेनीचं निळं अशी मूळ जोडी १९९३ मध्ये इथल्या बँक-उद्योगांनी मिळून विकत घेतली आणि मायदेशी आणली. रंग उडू नयेत म्हणून मूळ तिकिटांवर तासातून जेमतेम दहा मिनिटं दिवा लावतात, एरवी प्रतिकृती दिसतात. आम्ही पोहोचलो तेव्हा दिवा नुकताच विझला होता. म्हणून प्रवेशाचं तिकीट काढतानाच पुढची वेळ विचारा आणि मधला वेळ तिथल्या नकाशांना द्या. दिवा लागल्यावर राणीच्या मानेखाली बर्नार्डची ‘जे. बी.’ ही बारीक अक्षरं शोधा. भिंग सोबत असू द्या. मला ती दिसली तेव्हा अंगावर काटा आला.

परतताना आप्रवासी घाटावर थांबलो. मुंबईचं ते पत्र निघालं त्याच्या आदल्याच वर्षी, १८४९ मध्ये, करारावर आणलेल्या भारतीय मजुरांना उतरवून घेणाऱ्या या तळाचं बांधकाम सुरू झालं होतं. कलकत्ता, मद्रास आणि मुंबईहून आलेल्या जवळजवळ पाच लाख माणसांत आपले कोकणातले लोकही होते. पाणी आणि टोपी जवळ ठेवा, दगडी पायऱ्यांवर ऊन फार लागतं.

तुमच्या घराण्यातलं कुणी मॉरिशसला गेल्याचं ऐकिवात असेल, तर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदी जपलेल्या आहेत. गावाचं आणि पूर्वजाचं नाव लिहून न्या, आणि जाण्याआधी त्यांच्याकडून वेळ ठरवून घ्या.