आयोवाचा कोर्स केला की लेखक होता येतं का?

मी अमेरिकेतल्या आयोवा सिटीत राहते हे कळलं की लिहिणाऱ्या मंडळींचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. तिथे विद्यापीठाच्या रायटर्स वर्कशॉपचा एमएफए, म्हणजे लेखनातली पदव्युत्तर पदवी, आहे ना? तिथल्या लोकांना पुलित्झरसारखी मोठी पारितोषिकं मिळतात म्हणे, मग तो कोर्स केला की लेखक होता येतं का? मी त्या वर्गात कधी बसलेली नाही, माझी नोकरी प्रयोगशाळेतली. पण गावातल्या वाचनांना मी बरीच वर्षं जाते, त्यामुळे हे उत्तर श्रोत्याच्या खुर्चीतून दिलेलं आहे असं समजा.

खुद्द वर्कशॉपचं म्हणणं मोठं प्रांजळ आहे. लिहिणं शिकवता येत नाही हे त्यांनाही काही अंशी मान्य आहे. अंगात असेल ते वाढवता येतं, एवढ्या विश्वासावर त्यांचं काम चालतं. कोरड्या प्रबंधाऐवजी कथा-कविता पदवीसाठी चालतील, असं इथल्या विद्यापीठाने १९२२ साली जाहीर केलं आणि १९३६ साली वर्कशॉप उभं राहिलं. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. कथा-कादंबरी आणि कविता असे दोन विभाग, दरवर्षी प्रत्येकी पंचवीसेक जण. कथा आधीच सगळ्यांना वाटलेली असते, सगळे ती वाचून येतात, आणि चर्चा चालू असताना लेखकाने तोंड मिटून बसायचं अशी जुनी रीत आहे. आपल्याकडे हे किती जणांना जमेल, कोण जाणे!

आता यशाबद्दल. अमक्याची कथा मोठ्या मासिकात आली, तमकीला फेलोशिप मिळाली, कुणाची पहिली कादंबरी प्रकाशकाने घेतली, अशा बातम्या अशा विभागांकडून येतच असतात. त्या खऱ्याच असतात, पण नकाराची पत्रं त्या यादीत नसतात. आणि ती यादी वाचणाऱ्याला वाटतं, पदवी आणि बक्षीस यांच्यात एखाद्या वर्षाचं अंतर असेल. कवयित्री रिटा डव्ह यांनी इथली पदवी घेतली १९७७ साली, पुलित्झर मिळालं १९८७ साली. मधल्या दहा वर्षांचं श्रेय कुठल्या विभागाने घ्यायचं?

म्हणून मला कुणी यशाचं विचारलं की मी वाचनांचं सांगते. डुब्यूक स्ट्रीटवर प्रेअरी लाइट्स नावाचं पुस्तकांचं दुकान आहे, १९७८ सालचं. बहुतेक कार्यक्रम तिथेच, वरच्या मजल्यावर होतात. तिकीट नाही, शाल-श्रीफळ नाही. आधी कुणीतरी चार वाक्यांत ओळख करून देतं. काय छापलंय, काय मिळालंय. ती दोन मिनिटं सगळ्यात निर्जीव असतात. मग लेखक उभा राहतो. कधी नाव झालेला, तेव्हा जिन्यावरही माणसं. कधी अजून पदवी हातात नसलेली मुलगी, आणि समोर वर्गातले मित्र, एक-दोन प्राध्यापक आणि माझ्यासारखे रिकामटेकडे.

मला दुसऱ्या प्रकारचं वाचन आवडतं. ही मुलं अर्धवट कादंबरीतलं प्रकरण वाचतात. कागदावर पेन्सिलीने खोडलेलं मागच्या रांगेतूनही दिसतं. मजा तेव्हा येते, जेव्हा वाचता वाचता त्यांच्याच लक्षात येतं की हा परिच्छेद लांबलाय. आवाज घाईला येतो, एखादी ओळ गाळली जाते. खोली कंटाळली आहे हे वर्गात कुणी इतक्या स्पष्टपणे सांगत नाही. आपल्या कविसंमेलनातली दाद मात्र इथे विसरायची. ओळीवर 'वा' नाही, 'पुन्हा एकदा' नाही. कविता फारच भिडली तर घशातल्या घशात एक 'हम्म' उमटतो. मला अजूनही तो कंजूषपणा वाटतो, पण एक फायदा आहे. टाळीसाठी राखून ठेवलेली ओळ इथे काही कामाची नसते.

मग विचारतात, आपला उच्चार इथे चालतो का? १९४५ साली कथालेखिका फ्लॅनरी ओ'कॉनर अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातून इथे आल्या. तेव्हाचे संचालक पॉल एंगल यांना त्यांचं बोलणं इतकं कळेना की शेवटी त्यांनी ते कागदावर लिहून मागितलं. तेही एकाच देशातली, एकच भाषा बोलणारी दोन माणसं! तेव्हा सांगली-सोलापूरच्या इंग्रजीची चिंता सोडा.

आणखी एक घोळ निस्तरायला हवा. 'दिलीप चित्रे आयोवाला होते ना?' होते, १९७५ पासून. पण ते पदवीच्या वर्कशॉपमध्ये नव्हे, तर इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्राममध्ये. तो एंगल आणि ह्वालिंग न्ये यांनी १९६७ साली सुरू केला. तिथे नाव कमावलेले परदेशी लेखक पाहुणे म्हणून येतात. परीक्षा नाही, पदवी नाही. पुढे नोबेल मिळालेले ओर्हान पामुक आणि हान कांग हेही तिथे राहून गेलेले. रविवारी दुपारी ही पाहुणे मंडळी आणि एमएफएची मुलं एकाच कार्यक्रमात वाचतात, तेव्हा दोन्ही गोष्टी एकच वाटणं साहजिक आहे.

फीबद्दल थोडक्यात: बहुतेकांना शिष्यवृत्ती किंवा पदवीच्या मुलांना शिकवण्याचं काम मिळतं. प्रवेश मुख्यतः तुमच्या लिखाणाच्या नमुन्यावर ठरतो. पण लिहायचं इंग्रजीत, हे लोक हमखास विसरतात. मराठीत लिहिणाऱ्याने खरं तर इथल्या अनुवादाच्या स्वतंत्र एमएफएकडे बघावं. त्याच्याबद्दल मला अजून कुणी विचारलेलं नाही, याचं नवल वाटतं.

बाकी वर्कशॉप देतं ते दोन वर्षांचा वेळ आणि छापण्याआधी कान देऊन ऐकणारी माणसं. आपल्याकडे कथाकथन होतं, पण ते घोटून तयार केलेलं. गद्याचा कच्चा खर्डा चारचौघांत कुणी वाचत नाही. थेट प्रकाशन समारंभच. साताऱ्याच्या एका निवृत्त मास्तरांना मी हेच कळवलं. वाचनालयाची खोली मागा आणि अर्धी कादंबरी वाचा, म्हटलं. त्यांचा उलट प्रश्न आला, श्रोत्यांना चहा द्यावा लागतो का? प्रेअरी लाइट्सला वर कॅफे आहे, ज्याचा त्याने विकत घ्यायचा. साताऱ्यात बहुधा द्यावा लागेल.