लोकलने लोहगड : साठीपुढच्यांच्या मोहिमेची नोंदवही

गौरी-गणपती उरकल्यावर

मागच्या नोंदीपर्यंत यादीत चार नावं होती : माथेरान, राजमाची, विसापूर आणि लोहगड. आता एकच उरलंय. अटी त्याच, म्हणजे गाडीने जायचं, डोंगरमाथ्याला पाय लावायचे आणि रात्रीच्या जेवणाला घरी हजर. आमचा गट साठी ते पंचाहत्तरीचा. रोज पर्वती नाहीतर वेताळ टेकडी करणारी मंडळी, त्यामुळे चालायचं भय कुणालाच नाही. गुडघे मात्र स्वतंत्र विचारांचे आहेत.

माथेरानवर काट मारताना जिवावर आलं. नेरळहून चढणारी ती दोन फुटी रुळांची गाडी १९०७ पासूनची, आणि वर मोटारींना बंदी. आमच्या वयाला याहून सोयीचा डोंगर कुठला? पण पुण्याहून निघालं की आधी अख्खा बोरघाट उतरून कर्जत, तिथून मुंबईकडची लोकल पकडून नेरळ, आणि मग छोटी गाडी पुन्हा वर चढायला दोन तासांहून जास्त घेते. एका दिवसात बसवायचं म्हटलं तर माथेरानात चहा पिऊन लगेच स्टेशन गाठायचं. ते मुक्कामाचंच ठिकाण आहे, उन्हाळ्यासाठी राखून ठेवलंय.

राजमाचीची वाट लोणावळ्याहून सोपी आहे, पण जाऊन-येऊन तीस किलोमीटरच्या घरात जाते. विसापूरला वर जायला ओढ्यातल्या धोंड्यांवरून चढावं लागतं. तिथे पाय मुरगळला की माणूस उचलूनच खाली आणायचा. गड म्हणून विसापूर मला लोहगडापेक्षा जास्त आवडतो, हे लिहून ठेवते. तो उंचही आहे, आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला तेव्हा शेजारचा लोहगड लढवण्यात अर्थच उरला नाही. तरी आपल्याला इतिहासाचा न्याय करायचा नाही, दहा-बारा माणसं धड घरी आणायची आहेत.

लोहगडाला बांधीव, रुंद पायऱ्या आहेत. जुलै २०२५ मध्ये जे १२ मराठा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत तो आहे, त्यामुळे गर्दी आणखी वाढणार हे गृहीत धरायचं. शनिवार-रविवार बाद. पावसाळाही बाद : भाजे गावाजवळ धबधब्याची जत्रा आणि वर शेवाळलेल्या पायऱ्या. नवरात्रात कार्ल्याच्या एकवीरेला जाणाऱ्यांनी मळवली, म्हणजे लोहगडासाठी उतरायचं स्टेशन, गजबजलेली असते. उरला मार्गशीर्ष, आठवड्याच्या मधला वार.

कोजागिरीनंतर

या पंधरवड्यात सगळा हिशेब झाला. ज्यांना असल्या आकडेमोडीत गोडी आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते, बाकीच्यांनी पुढे सरकावं.

नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा घालून दिला. सपाटीला ताशी पाच किलोमीटर धरायचे आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास वाढवायचा. मळवली स्टेशन समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या थोडं वर, लोहगडाचा माथा १०३३ मीटर. म्हणजे चढ चारशे मीटरच्या आसपास, वाट सुमारे सात किलोमीटर. ठोकताळ्याने दोन तास आणि वर काही मिनिटं येतात. नेस्मिथ मात्र धडधाकट तरुण समोर ठेवून बोलत होता. आम्ही त्यात निम्मा वेळ मिळवला : सव्वातीन तास, दम खाणं त्यातच धरून.

आता उतरण. या ठोकताळ्यात उतरणीला वेगळा वेळच नाही आणि आमची खरी कसोटी नेमकी तिथे आहे. चढताना छाती भरते, थांबलं की दोन मिनिटांत ठीक वाटतं. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचं वजन पेलत असतात, प्रत्येक पायरीला गुडघ्यावर हिसका बसतो आणि तो थकवा बसून जात नाही. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जे 'आई गं' निघतं ते या उतरणीचं. म्हणून उतरायला अडीच तास धरले. तरुण नातेवाइकांना हे दाखवलं तर हसले. हसू देत.

यानंतर वेळापत्रक उलटं मांडलं. मी दरवेळी सांगते, पुन्हा सांगते : आधी परतीची गाडी ठरवायची आणि तिथून मागे मागे येत सकाळचा गजर लावायचा. मार्गशीर्षात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. संध्याकाळी पाचच्या आगेमागे लोकल धरायची तर साडेचारला मळवलीत हवं. गडाच्या पायथ्याच्या लोहगडवाडीतून सव्वादोन-अडीचला पाय उचलायचा, त्याआधी पाऊण तास जेवण, त्याआधी पायऱ्या उतरणं. माथा साडेबाराला सोडावा लागतो. वर तास-दीड तास मिळावा असं वाटत असेल तर सकाळी आठच्या आत मळवलीहून चालायला लागायचं, म्हणजे पुण्याहून साडेसहाच्या सुमाराची लोकल. वेळा बदलत असतात, आदल्या दिवशी ॲपवर पाहायच्याच. काही लोकल पुणे स्टेशनऐवजी शिवाजीनगरहून सुटतात, तेही तेव्हाच पाहायचं.

कोथरूडच्या दोघींना मेट्रोने यायचं होतं. मेट्रो सहाला सुरू होते. वनाजहून पहिली धरली तरी जिने-सरकते जिने करून फलाटावर पोचेपर्यंत गाडीचा शेवटचा डबा दिसेल. त्यांनी रिक्षा सांगून ठेवावी.

आणखी दोन गोष्टी. दुपारी लोकलमध्ये मोठा खंड पडतो, त्या वेळात मार्गाची देखभाल चालते. कुणाला मधेच परतावंसं वाटलं तर मळवलीच्या बाकावर ताटकळत बसू नये, रिक्षाने लोणावळ्याला जावं, तिथे लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या थांबतात. दुसरी गोष्ट जरा संकोचाची, पण लिहायलाच हवी. लोकलला स्वच्छतागृह नसतं. प्रवास सव्वा तासाच्या आसपास आहे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेणाऱ्यांनी त्या दिवशीची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी, स्वतःच्या मनाने गोळी टाळू नये.

दिवाळीच्या आधी

पर्वतीवर तालीम सुरू आहे. पायऱ्या १०३ आणि टप्पे ऐसपैस, त्यामुळे सरावाला उत्तम. फक्त चढून देवदर्शन आणि गप्पा असा जो आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता तो मोडला. आता चढ-उतर, पुन्हा चढ-उतर, आणि गप्पा चढतानाच. चढताना अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की वेग जास्त झालाय असं समजायचं. आमच्यातल्या एका काकूंना ही अट फारच मानवली, त्यांचं बोलणं अजून एकदाही तुटलेलं नाही.

काठ्यांवरून वाद झाला. दोन काठ्या म्हणजे म्हातारपण कबूल केल्यासारखं, असं दोघांचं म्हणणं. त्यांना उतरताना काठी दोन-तीन बोटं लांब करून पर्वती उतरायला लावलं, त्यानंतर विषय निघाला नाही. काठीचा पट्टा मनगटात घट्ट अडकवू नका, पडताना हात मोकळा राहिला पाहिजे.

कार्तिकी एकादशीनंतर, टेहळणी

मी आणि आप्पा (गटात सर्वांत ज्येष्ठ, रेल्वेतून निवृत्त) दोघेच जाऊन आलो. बसायला जागा मिळाली. आप्पा वाटेत सांगत होते की खंडाळा ते पुणे हा मार्ग जून १८५८ मध्येच सुरू झाला होता, बोरघाट तेव्हा फोडायचाच होता, आणि मधल्या घाटात प्रवाशांना पालखीतून नाहीतर पायी जावं लागे. आपण निदान उलट्या बाजूला राहतो, असं म्हणून त्यांनी शेंगदाण्याची पुडी उघडली.

मळवलीला उतरून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की भाजे गाव. तिथपर्यंत रस्ता जवळजवळ सपाट. पुढे डांबरी रस्ता वळणं घेत चढतो, आणि हा मधला टप्पा पायऱ्यांपेक्षा कंटाळवाणा आहे. सावली कमी, गाड्या अंगावरून जातात, चढ लक्षात न येता दमवतो. शहाणपण असं की भाजे ते लोहगडवाडी वाहनाने जाण्याची मुभा ठेवायची आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. ताकद पायऱ्यांसाठी राखलेली बरी. गायमुख खिंडीत आलं की उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर.

पायऱ्यांबद्दल चांगली बातमी : गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे वळणावळणाने येतात आणि प्रत्येकात सावली आहे. विश्रांतीच्या जागा आयत्या मिळाल्या. आम्ही नियमच करून टाकला, दरवाजा आला की बसायचं, दम लागला असो वा नसो. नारायण दरवाजा नाना फडणवीसांच्या काळातला. तिथे धान्याचं भुयारी कोठार आहे, भात आणि नाचणी साठवायचे. वर नानांनीच बांधवून घेतलेलं मोठं तळं आहे. विंचूकाटा, म्हणजे किल्ल्याची ती लांब निघालेली सोंड, वरून पाहायची. तिच्यावर उतरून जायला कातळातून जरा अवघड उतरावं लागतं आणि तेवढंच चढून परत यायचं असतं. आमच्या वेळापत्रकात ते नाही. एक-दोघांनी तोंड वाकडं केलंय, त्यांनी स्वतंत्र यावं.

माकडं आहेत, आणि पिशवीची चेन उघडायची कला त्यांना येते. खाऊ हातात धरून चालू नये, जेवण खाली वाडीतच. पिठलं-भाकरी मिळते, पण एवढ्या माणसांसाठी आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागेल.

भाजे लेण्यांनी मात्र घोळ घातला. लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत. चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या दालनात, उजेड हवा तर दुपार उत्तम, पण दुपारी गडावरून उतरलेल्या पायांना पुन्हा लेण्यांच्या पायऱ्या चढायच्या. सकाळी पाय ताजे असतात, पण आत अंधुक, शिवाय गडाचा वेळ खातो. आणि लेणी सोडवत नाहीत हो! इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपासची, एकूण २२. चैत्यगृहाचे अष्टकोनी खांब आत कललेले, लाकडी इमारतीत भार पेलायला खांब तिरके उभारत त्याची दगडात केलेली नक्कल, आणि वर छताला खरोखरच्या लाकडी कमानी, दोन हजार वर्षांहून जुन्या. पलीकडे १४ स्तूप एकाजवळ एक, आणि दक्षिणेकडच्या विहारात (भिक्खूंच्या निवासात) रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र मानली जाणारी शिल्पं. आप्पा तिथे बसले ते उठायलाच तयार नव्हते.

शेवटी त्यावरूनच तोडगा सुचला : दोन तुकड्या. एक गडाची. दुसरी लेण्यांची, ती एक-दोन गाड्या मागून निघेल, भाज्यात सावकाश फिरेल, आणि दोन्हींची गाठ चारच्या सुमाराला भाजे गावात चहाला. लेण्यांच्या तुकडीला चढ थोडा आहे, पण दिवस हुकत नाही, आणि गडाच्या तुकडीला कुणासाठी मागे वळून पाहत बसावं लागत नाही. मिश्र वयाच्या गटात सर्वांना एकाच माथ्यावर नेण्याचा हट्टच महागात पडतो, असं माझं आता पक्कं मत झालंय.

एक बारीकशी गोष्ट राहिली. परतीची गाडी समोरच्या फलाटावर येते. म्हणजे दिवसाचा शेवटचा चढ रेल्वेच्या पुलाचा. त्यासाठी वेगळी दहा मिनिटं धरलीत. गाडी दिसली म्हणून पुलावर धावायचं नाही, पुढची मिळेल.

मार्गशीर्ष लागताना

तारीख ठरली, दत्तजयंतीच्या आधीचा बुधवार. गडाच्या तुकडीत जास्त, लेण्यांच्या तुकडीत कमी नावं आहेत. आप्पांनी लेणी घेतली. पुढे एक आणि शेवटी एक असे दोघे ठरलेत, शेवटच्याच्या मागे कुणी राहायचं नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांच्या खिशात साखर-गोळी, पिशवीत नव्हे, खिशात. माणशी दोन लिटर पाणी. प्रत्येकाने कागदावर औषधांची नावं आणि घरचा फोन लिहून शर्टाच्या खिशात ठेवायचा. मोबाइलला कुलूप असतं आणि गरजेच्या वेळी ते उघडत नाही. रुग्णवाहिकेला १०८, रेल्वेत काही लागलं तर १३९.

तिकीट ज्याने-त्याने मोबाइलवर काढायचं. ज्यांना जमत नाही त्यांची मी खिडकीवर काढीन. जाता-येताचं एकदम, संध्याकाळी रांग नको. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती अजून परत आलेली नाही, यावर गटात बरंच बोलून झालंय. लोकलचं भाडं इतकं कमी आहे की इथे तरी तो वाद घालायची गरज नाही.

अडलंय ते एकाच ठिकाणी. भाज्याहून लोहगडवाडीला सकाळी साडेआठच्या आधी वाहन मिळेल का? टेहळणीच्या दिवशी आम्ही चालतच गेलो, त्यामुळे विचारायचं राहिलं. वाडीतल्या जेवणवाल्यांकडे जीप आहे असं ऐकलंय, उद्या फोन लावते. कुणी हल्लीच आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी तिथे गेलं असेल तर वाहन कुठे उभं असतं आणि भाडं काय ठरलं, तेवढं कळवा.