परगावच्या मजुरांसाठी सर्वधर्मीय मदत टेबल: कसं लावायचं, कुठे फसतं

सर्वधर्मीय समिती स्थापन झाली की पहिली मागणी येते ती फ्लेक्सची. चार धर्मांची चिन्हं, मधे जोडलेले हात आणि खाली पन्नास फोटो. तेवढ्या पैशांत एक साधा प्रिंटर येतो. नाशिकमध्ये देऊळ, दर्गा, चर्च, गुरुद्वारा आणि विहार यांना मिळून परगावच्या मजुरांसाठी खरंच काही करायचं असेल, तर प्रिंटर घ्यावा, दोन टेबलं मांडावीत आणि आठवड्यातून एकदा तीन तास बसावं.

वार ठरवताना आपली सोय बघू नका. साइटवरच्या मजुराला खर्ची, म्हणजे हातखर्चाची उचल, कधी मिळते आणि तो बाजाराला कधी बाहेर पडतो, ते नाक्यावर जाऊन विचारा. गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, बुधवारचा बाजार धरला तर जुन्या नाशकातली जागा चालते. सातपूर-अंबडच्या शिफ्टवाल्यांसाठी मात्र टेबल तिकडेच हवं. तिथून जुन्या नाशकाजवळच्या द्वारका चौकापर्यंत येण्याजाण्यात त्यांची अर्धी सुट्टी जाते.

जागेबद्दल एक कायदा माहीत हवा. 1988 च्या धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) कायद्याने धर्मस्थळाची जागा राजकीय कामासाठी वापरायला मनाई आहे. मतदार अर्ज भरून देणं म्हणजे राजकारण नव्हे. पण त्याच टेबलाशी एखादा इच्छुक उमेदवार उभा राहून हात मिळवू लागला, की ट्रस्टींच्या अंगाशी येतं. म्हणून रेशन आणि कागदपत्रांचं काम धर्मस्थळात, आणि मतदार अर्जाचं टेबल शाळेच्या वर्गात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये, अशी फोड केलेली बरी. थोडी जास्तच खबरदारी वाटेल, पण तक्रार करणाऱ्याला जागाच राहत नाही.

नाशिकला हे काम नवं नाही, हे जाता जाता सांगायला हवं. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो, पण नावाकडे लक्ष देत नाही. 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली ही वस्ती. ब्रिटिश नौदलाने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे शिकली. आफ्रिका धुंडाळणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासात सोबत असलेला आणि त्याच्या शवाबरोबर 1874 मध्ये लंडनला गेलेला जेकब वेनराइट याच शाळेचा. शरण आलेल्यांचं पूर, म्हणून शरणपूर.

पहिलं टेबल रेशनचं. ‘एक देश एक रेशन कार्ड’ सगळ्यांनी ऐकलेलं असतं, वापरलेलं फार थोड्यांनी. ते फक्त राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यातल्या कार्डांना लागू आहे, म्हणजे प्राधान्य कुटुंब आणि अंत्योदय. बाकीची कार्डं इथे चालत नाहीत, त्यामुळे आधी कार्डाचा प्रकार बघा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो, अंत्योदयला कार्डामागे 35 किलो, आणि 2023 पासून हे धान्य मोफत. बिहारमधल्या कार्डावर पाच नावं असतील तर हक्क 25 किलोंचा. नवऱ्याने इथे 5 किलो उचलले तर उरलेले 20 बायको गावाकडे उचलू शकते. गाडं अडतं ते इथेच. गावच्या दुकानदाराने महिन्याच्या सुरुवातीलाच पूर्ण 25 किलो दिलेले असतात, आणि इथल्या ई-पॉस मशीनवर, म्हणजे बोट लावून धान्य देणाऱ्या यंत्रावर, शिल्लक शून्य दिसते. मजुराला वाटतं दुकानदार खोटं बोलतोय, आणि दुकानदाराला वाटतं हा दोनदा घ्यायला आलाय. उपाय एकच, टेबलावरूनच घरी फोन लावायचा आणि पुढच्या महिन्यापासून कोण किती उचलणार ते ठरवायचं.

दुसरी अडचण बोटांची. सिमेंट कालवणाऱ्याच्या बोटांवरच्या रेषाच झिजलेल्या असतात. साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि मग दहाही बोटं आळीपाळीने लावून बघावीत. अंगठ्याचाच हट्ट धरू नये. करंगळीने काम झालेली उदाहरणं पुष्कळ. तरीही जुळलं नाही तर डोळ्यांच्या स्कॅनची सोय असलेलं दुकान शोधावं. शिवाय गावाकडच्या कार्डावर त्याची ई-केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) झाली आहे का, ते आधी तपासा. नसेल तर नाव निघून जायचा धोका असतो. दुकानदार अजिबात दाद देत नसेल तर 14445 हा या योजनेचा हेल्पलाइन नंबर आहे.

दुसऱ्या टेबलावर मतदार यादी. इथे बसणाऱ्याने एक प्रश्न तोंडपाठ करावा: “गावी यादीत नाव आहे का?” नाव कुठेच नसेल तर नमुना 6, आणि गावाकडून इकडे आणायचं असेल तर नमुना 8. उत्साही कार्यकर्ते सरसकट नमुना 6 भरतात आणि माणसाचं नाव दोन ठिकाणी येतं. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 17 प्रमाणे ते चालत नाही, आणि खोटं निवेदन केल्यास कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. सही मजुराची असते, त्यामुळे अडकतोही तोच.

नाव इकडे आणावं की गावीच ठेवावं, हे त्याने ठरवायचं. आपण फक्त दोन्हीकडचं सांगायचं: मत इथे आलं की गावच्या पंचायतीच्या निवडणुकीत ते उरणार नाही, आणि गावीच ठेवलं तर मतदानाच्या दिवशी गाडीभाडं आणि बुडालेली हजेरी. उगाच इकडे ओढू नका. मात्र गावी ठेवायचं असेल तर ते तिथे टिकून आहे का, यावर लक्ष हवं. बिहारमध्ये 2025 च्या विशेष सखोल पुनरीक्षणानंतर, म्हणजे मतदार यादीच्या घरोघरच्या फेरतपासणीनंतर, 1 ऑगस्टला आलेल्या प्रारूप यादीतून सुमारे 65 लाख नावं गळाली, आणि त्यांत कायमचे स्थलांतरित किंवा न सापडलेले म्हणून वगळलेल्यांचा वाटा सर्वांत मोठा होता. पोटासाठी नाशकात आलेला माणूस घरी सापडणार कसा? नोव्हेंबर 2025 पासून तीच मोहीम उत्तर प्रदेश, पश्चिम बंगालसह बारा राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाली. म्हणून टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव ताज्या यादीत शोधायचं आणि जुन्या पुनरीक्षणाच्या यादीत, म्हणजे 2002-03 च्या आसपासच्या, आईवडिलांचं नाव कुठल्या भागात, कितव्या क्रमांकावर आहे ते लिहून त्याच्या हातात द्यायचं.

पत्त्याचा पुरावा हे रडगाणं कायमचं. खोलीमालक भाडेकरार करत नाही, लाइटबिल त्याच्या नावावर. तरी अर्ज टाकावा, बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) प्रत्यक्ष येऊन खात्री करू शकतो. उघड्यावर झोपणाऱ्यांसाठीही सोय आहे. ती व्यक्ती तिथेच झोपते का, हे बीएलओने रात्री जाऊन बघायचं असतं. कागद लागत नाही. खोटं भाडेपत्र मात्र कुणीही कधीही द्यायचं नाही, अगदी दया आली तरी. एक खोटं पत्र सापडलं की तुम्ही भरलेल्या सगळ्या अर्जांवर संशय येतो.

हे काम लोकशाहीचं आहे असं भाषणात म्हणतात. ते दिसतं कुठे, तर दावे-हरकतींच्या यादीत. नाव वगळण्यासाठी नमुना 7 असतो आणि तो त्याच मतदारसंघातला मतदार देऊ शकतो. एकाच वस्तीतल्या, एकाच धाटणीच्या नावांवर एकदम हरकती आल्या का, हे दोघांनी दर आठवड्याला यादी उघडून बघावं. त्या दोघांत एक हिंदू आणि एक मुसलमान असावा, म्हणजे ‘आमच्यांची’ आणि ‘त्यांच्यांची’ अशी वाटणी होत नाही. नाव वगळल्याच्या आदेशावर पहिलं अपील 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे, दुसरं त्यानंतर 30 दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. मुदत आदेशाच्या तारखेपासून मोजतात, म्हणून आदेशाची प्रत लेखी मागा.

आता स्पेलिंग. बंगालच्या कार्डांवर शेख हे आडनाव नुसतं ‘एस के’ असं छापलेलं असतं, मोहम्मदचं ‘एम डी’ होतं, आणि लग्नाआधीची खातून लग्नानंतर बीबी होते. बिहारची कुमारी लग्नानंतर देवी होते. इथल्या डेटा एंट्रीवाल्याला ही तीन वेगळी माणसं वाटतात. प्रत्येकासाठी एका पानावर चार रकाने आखा: आधार, मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड, शाळेचा दाखला. प्रत्येकावर नाव, वडिलांचं नाव आणि जन्मसाल जसंच्या तसं उतरवा. कुठला कागद आधी दुरुस्त करायचा ते त्या पानावरूनच कळतं. पान त्याला देऊन टाका. आधारच्या झेरॉक्सचे गठ्ठे साठवणं बंद करा. आपल्या वहीत नाव, फोन, काम आणि पुढची तारीख एवढं पुरे. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाचंही कार्ड टाकायचं नाही.

बंगाली बोलणाऱ्या मजुरांवर बांगलादेशी असल्याच्या संशयाचं सावट असतं. 2025 मध्ये मुंबई परिसरातून उचलून सीमेपार ढकललेले पश्चिम बंगालचे काही मजूर भारतीयच निघाले आणि त्यांना परत आणावं लागलं. अशा वेळी फोन कुणाला करायचा हे आधीच ठरलेलं असावं: एक वकील, एक ज्येष्ठ धर्मगुरू आणि गावाकडे संपर्क ठेवणारा एक जण. पोलीस ठाण्यात जायचं ते दोघांनी. पन्नास जणांनी गेलं तर मूळ प्रश्न बाजूला राहतो आणि सरकारी कामात अडथळ्याचा नवाच गुन्हा डोक्यावर बसतो. विचारायचं एवढंच: ही अटक आहे की चौकशी? अटक असेल तर कारण सांगावं लागतं, नातेवाइकाला कळवावं लागतं आणि 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. चौकशी असेल तर नोटीस दाखवायला सांगायचं. ‘बसवून ठेवलंय’ ही तिसरी अवस्था कायद्यात नाही. वकील नसेल तर 15100 हा विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर, आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. दरम्यान तिसऱ्याने गावाकडून शाळेचा दाखला, जमिनीचा कागद आणि जुन्या मतदार यादीचं पान मागवायचं. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधार कायद्यातच लिहिलंय. त्यामुळे नुसतं आधार पुढे करून वाद घालण्यात अर्थ नाही.

अमेरिकेत चर्च-सिनेगॉगवाले लाल रंगाची छोटी कार्डं वाटतात: दार उघडू नका, न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट दाराखालून सरकवायला सांगा. तिकडे असलेली आपली मुलं त्यांचे फोटो पाठवतात. ती कार्डं तिथल्या कायद्यावर बेतलेली आहेत, मराठीत छापून सातपूरला वाटायची नाहीत. आपल्या कार्डावर 24 तास, 15100 आणि त्या तिघांचे फोन एवढंच असावं, तेही हिंदी आणि बंगालीत. कुणी खरोखरच परदेशी निघाला तर त्याचा अर्ज मतदाराच्या टेबलावर भरायचा नाही, त्याला सरळ वकिलाकडे न्यायचं. मत नागरिकाचं असतं, जीवित आणि स्वातंत्र्याचा हक्क देणारं राज्यघटनेचं कलम 21 मात्र प्रत्येक माणसाचं.

पैसा फार लागत नाही. झेरॉक्स, शाई, चहा. पांडवलेणीच्या शिलालेखात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे 2000 आणि 1000 कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले आणि खर्च फक्त व्याजातून करायचा अशी अट घातली. हिशेबाचा तोच बाणा ठेवा आणि महिन्याचा जमाखर्च टेबलामागच्या भिंतीवर लावा. कुणाकडूनही अर्जामागे दहा रुपयेसुद्धा घेऊ नका. घेतलेत की तुम्ही एजंट झालात.

वर्षातला सगळ्यात कामाचा आठवडा छठच्या आधीचा, कारण तेव्हा गाड्या भरून लोक गावी निघतात. त्या आठवड्यात नवे अर्ज बाजूला ठेवावेत आणि निघणाऱ्या प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यावी: शाळेतून दाखल्याची प्रमाणित नक्कल, कुटुंबाची रेशन ई-केवायसी, यादीतल्या आपल्या भागाच्या पानाचा फोटो. मूळ दाखला घरच्या पेटीतच राहू दे.